डबा काही बोलला नाही!

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या सासूबाईंचं गुपित भर औरंगपुऱ्यात फुटलं म्हणे! मला भाजीवालीकडून आत्ता कळलं. इतके दिवस दडवलं बाई... जरा भिंतीजवळ या.

२०२५ची हनुमान जयंती आठवते ना? १२ एप्रिल, त्यातून शनिवार. नेमकं त्याच दिवशी देशभर यूपीआय झोपलं होतं. तर ह्या दोघी सासूसुना गुलमंडीवर सुपारी हनुमानाचं दर्शन घेऊन भाजीला गेल्या. सून शेंद्र्याच्या कंपनीत, पगार दणदणीत. पण पर्समध्ये लिपस्टिक, चार्जर, गाडीची किल्ली... नोट म्हणाल तर एक नाही! पिशवीभर भाजी झाली, वर लिंबं. तिने स्कॅन केलं. मोबाईलवर चाक फिरतंय, फिरतंय... भाजीवाली आपली पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या डब्याकडे कान देऊन बसलेली. शेवटी म्हणाली, “ताई, डबा काही बोलला नाही.” सून म्हणते, “माझे कट झाले असतील.” ही म्हणते, “झाले असतील माय, पण मला ऐकू यायला पाहिजे ना!” मागे गिऱ्हाईकं खोळंबलेली. सुनेचं तोंड एवढंसं झालं हो. मेथीची जुडी परत ठेवायला लागली बिचारी.

आणि मेथी तरी काय महाग झालीय... तर काय सांगत होते, सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, पदर सावरला अन् हळूच बटवा काढला. घडी घातलेल्या पाचशेच्या नोटा! एखाददुसरी नाही हो, चांगला गठ्ठा. सून मेथी विसरली. म्हणाली, “अहो आई, गुडघ्याच्या गोळ्यांना परवाच पैसे घेतलेत ना? जवळ छदाम नाही म्हणालात!” आता सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा! म्हणे, “ते देवाचे आहेत.” देवाचे! नुकत्याच देवळातून तर आल्या होत्या...

मी मात्र त्यांना नावं ठेवणार नाही हं. बायकांचे डाळीच्या डब्यातले पैसे किती वेळा उघड्यावर यावेत? २०१६च्या ८ नोव्हेंबरला रात्री आठला टीव्हीवर पाचशे-हजार बंद झाल्याचं ऐकलं, आणि घरोघरचे डबे नवऱ्यांसमोर रिकामे करावे लागले. सरकार म्हणत होतं, गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरले तर विचारणार नाही. सरकार नव्हतं विचारणार हो, पण घरातले? आमचे हे अजून विचारतात! मग २०२३च्या मे महिन्यात दोन हजारांच्या गुलाबी नोटा मागे घेतल्या. एका वेळी वीस हजारच बदलून मिळायचे. पलीकडच्या गल्लीतल्या वहिनी दर वेळी नवी साडी नेसून बँकेत... जाऊ द्या, ते पुन्हा कधीतरी.

मोबाईलवरून पैसे द्यायची सोय आहे, नाही कशाला म्हणू? सुट्ट्यांच्या नावाखाली किराणावाला चॉकलेटं हातावर टेकवायचा, ते बंद झालं. गजरेवालीसुद्धा स्कॅनर पुढे करते. पण गुपित म्हणून काही उरलं का? परवा कॅनॉटला चाळीस रुपयांची पाणीपुरी खाल्ली. जॉइंट खातं, ह्यांच्या मोबाईलवर मेसेज हजर! घरात पाऊल टाकते न टाकते तोच, “डॉक्टरांनी चिंचेचं पाणी बंद केलंय ना?” रोख दिले असते तर मारुतीरायालाही पत्ता लागला नसता.

आणि हो, उद्याच्या भिशीचे पैसे रोखच आणा बरं का. मागच्या खेपेला तुम्ही मोबाईलवर पाठवलेत, तर लगेच विचारणा, “कसले हे दोन हजार?” गव्हाचे उरलेले म्हणून सांगितलंय मी. तुमच्या ह्यांनी विचारलं तर तुम्हीही तेच सांगा हं!