दहा लाख वेळा

मारुंजीत राहणाऱ्या प्रत्येकाला संगणकातलं सगळं कळतं, असा नातेवाइकांचा आणि शेजाऱ्यांचा ठाम समज असतो. हिंजवडी शेजारीच ना! मग तुम्ही आयटी पार्कात पगारपत्रकं का बघत असेना, रविवारचा पहिला चहा संपायच्या आत कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन दारात उभं राहतंच.

"अहो, ३२ जीबीचा आहे, अख्खा रिकामा आहे, तरी म्हणतो फाइल फार मोठी आहे!" वरच्या मजल्यावरचे काका तक्रार करतात. लेकीच्या लग्नाचं शूटिंग साडेपाच जीबी भरलेलं. फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हमध्ये एका फाइलला ४ जीबीच्या पुढे सरकता येत नाही, मग बाकीचा पेनड्राइव्ह ओस का पडेना. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की प्रश्न मिटतो. फक्त आतलं काही हवं असेल तर आधी काढून ठेवायचं, कारण फॉरमॅट सगळंच पुसून टाकतं.

कॉपी अडली की पडद्यावर विचारणा होते: पुन्हा प्रयत्न करू, वगळू, की सगळंच रद्द? इथं माणसाचा स्वभाव कळतो. काका 'पुन्हा प्रयत्न'वर दर वेळी आणखी जोरात बोट दाबतात. काकू 'वगळा' म्हणून मोकळ्या होतात. खरा धोका काकूंच्या बाजूला आहे. एका डिस्कवरून दुसरीवर सामान हलवताना वगळलेली फाइल जुन्याच जागी राहते. आणि सगळं आलं असं समजून आपण तो जुना फोल्डर उडवतो.

विंडोजमधली फाइली कॉपी करणारी रोबोकॉपी ही आज्ञा मात्र काकांच्या वळणावर गेली आहे. काही सांगितलं नाही, तर अडलेल्या एका फाइलसाठी ती दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. हिशेब मांडला तर जवळजवळ साडेअकरा महिने! जाणती माणसं तिला आधीच बजावतात: तीनदा बघ, नाही जमलं तर पुढे हो, आणि काय राहिलं त्याची नोंद ठेव.

ही नोंदच महत्त्वाची. हाताने लिहिलेले सातबारे संगणकावर चढले तेव्हा कुठं नावातला काना गळला, कुठं क्षेत्रातलं दशांशचिन्ह सरकलं. पडद्यावर कुठलीच चौकट आली नाही, की काय चुकलं त्याची नोंद राहिली नाही. चूक कळली ती जमिनीचा व्यवहार ठरल्यावर. नक्कल करताना हात चुकणारच, हे १९६६ च्या जमीन महसूल संहितेनं आधीच ओळखलं होतं. लेखनातल्या चुका दुरुस्त करायला तिच्यात १५५ वं कलम आहे. त्या दुरुस्तीसाठी कचेरीच्या किती फेऱ्या माराव्यात, एवढंच त्यात लिहिलेलं नाही. तिथं रोबोकॉपी आपण.