हौज खासच्या भिंतीवर नाव कोरणाऱ्यास

तुझं नाव मला माहीत आहे. तिचंही माहीत आहे. गाव आणि तारीखसुद्धा. हे सगळं तू दिल्लीत, हौज खासच्या मदरशात, तलावाकडच्या एका कमानीच्या आत चांगल्या वीतभर बदामात कोरून ठेवलं आहेस. त्यातलं एक अक्षरही मी इथे लिहिणार नाही. तुझं नाव आणखी एका ठिकाणी उमटावं, एवढी मदत माझ्याकडून होणार नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी भाची माझ्याबरोबर दिल्लीला होती. चौथीत आहे, दिसेल ती पाटी मोठ्याने वाचते. फिरोजशाह तुघलकाच्या मकबऱ्यात आम्ही दोघी मान वर करून घुमटाच्या आतली नक्षी पाहत होतो. तिथल्या अरबी अक्षरांत काय लिहिलंय, असं तिने विचारलं. कुराणातली वचनं आहेत, मलाही वाचता येत नाहीत, असं मी सांगितलं. दारावरचा लेखही आम्हाला वाचता आला नाही. पोर जरा हिरमुसली. मग आम्ही मदरशाच्या कमानींत आलो आणि ती ओरडली, "मावशी, हे मला येतंय!"

तिने तुझं नाव वाचलं. मग तुझ्या मैत्रिणीचं. मग गाव, आपल्याच जिल्ह्यातलं. आणि मला विचारलं, "हा कोण होता? राजा?"

मी काय उत्तर द्यायला हवं होतं, ते तूच सांग. मी तिला खरं तेच सांगितलं, की हा एक पर्यटक होता आणि त्याने ही भिंत खराब केली. त्यावर तिचा पुढचा प्रश्न होता, "मग त्याला कुणी थांबवलं नाही?"

ही भिंत कुणाची, हे तुला ठाऊक नसणार, म्हणून सांगते. तलाव अलाउद्दीन खलजीने खोदवला. पुढे तो गाळाने भरला, बुजत आला. फिरोजशाहने तो पुन्हा मोकळा केला, 1352 च्या सुमारास काठावर हा मदरसा बांधला आणि 1388 मध्ये वारल्यावर त्याला तिथेच पुरलं. 1398 मध्ये दिल्ली जिंकून तैमूरने याच तलावाकाठी तळ दिला. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, 1507 च्या सुमारास, सिकंदर लोदीने या मकबऱ्याची दुरुस्ती करवली. लोदी वेगळ्या घराण्याचा. मेलेल्या तुघलकाची कबर सावरून त्याला काही मिळणार नव्हतं. फिरोजशाहही असाच होता, दुसऱ्यांनी बांधलेलं सावरणारा. 1368 मध्ये कुतुबमिनारावर वीज पडली, तेव्हा वरचे मजले त्याने नव्याने बांधून घेतले.

त्या दुरुस्तीच्या वेळी काम करणाऱ्या कारागिरांनी मिनारावर नागरी लिपीत आपली नावं कोरली. विश्वकर्म्याचं स्मरण केलं, संवत लिहिला. त्यात एक नाना आहे, एक साल्हा आहे. त्यांची नावं तिथे असायलाच हवीत. सत्तर मीटरांच्या आसपासच्या उंचीवर, परांचीवर उभं राहून त्यांनी दगड बसवला होता. तू त्या भिंतीसाठी काय केलंस? खिशातली किल्ली काढलीस. की कर्कटक होतं?

आता मला ठाऊक आहे, तुझ्या बाजूने कुणीतरी म्हणेल, सुलतानाची तर कबर, त्याचं एवढं काय? त्याने देवळं पाडली होती. हो, पाडली होती. त्याने स्वतःच ते अभिमानाने लिहून ठेवलं आहे. ब्राह्मणांवरही जिझिया बसवला. तो भला माणूस होता, असं मी म्हणणार नाही. पण तू काही त्याच्या अन्यायाचा जाब विचारायला गेला नव्हतास. तुला मोकळी जागा दिसली, तू नाव लिहिलंस. आणि हीच किल्ली रायगडावरही चालते, सिंहगडावरही चालते, हे आपण दोघंही जाणतो. तिथे कुठला सुलतान आहे?

या माणसाने केलेली आणखी एक गोष्ट तुला सांगायची आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यांत मोठी आहे. अंबाल्याच्या बाजूला टोपरा नावाच्या गावात एक अखंड दगडी स्तंभ उभा होता. फिरोजशाहला तो दिल्लीत हवा होता. शम्स सिराज अफीफ या इतिहासकाराने सगळी हकीकत लिहिली आहे. स्तंभ आडवा पडताना आपटू नये म्हणून भोवती सावरीच्या कापसाच्या राशी घातल्या. मग त्याला वेत आणि कच्ची कातडी गुंडाळली. बेचाळीस चाकांचा गाडा केला, एकेका चाकाच्या दोराला माणसं लावली, यमुनेपर्यंत ओढत आणला आणि मोठ्या नावांवर चढवून दिल्लीला नेला. हे घडलं तेव्हा अफीफ स्वतः बारा वर्षांचा होता.

स्तंभावर अक्षरं होती. सुलतानाने पंडित बोलावले. जुनी ब्राह्मी कुणालाच वाचता आली नाही. वाचता न येणारी ती अक्षरं त्याने कापसात ठेवून आणली आणि आज फिरोजशाह कोटला म्हणतात त्या आपल्या किल्ल्यात उंचावर उभी केली. पुढे जवळजवळ पाचशे वर्षं कुणी ती वाचू शकलं नाही. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा याच दिल्लीच्या स्तंभाचे ठसे त्याच्यासमोर होते. आणि अशोक बोलायला लागला. रस्त्याकडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खणल्या, माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून. हे ज्या सातव्या लेखात आहे, तो लेख देशातल्या दुसऱ्या कुठल्याही अशोकस्तंभावर नाही. मधल्या पाचशे वर्षांत तुझ्यासारख्या कुणाचा तिथे हात पोचता, एक बदाम त्या ओळींवर बसता, तर तेवढा अशोक आपल्याला कायमचा मुका झाला असता.

भिंतीला तुझ्यामुळे काय झालं तेही ऐक. तुला वाटतं वरचा पापुद्रा गेला, बस. जुनी बांधकामं ओबडधोबड दगडांची असतात, त्यांच्यावर चुन्याचा गिलावा असतो. पाऊस आत जाऊ न देणं हे त्या गिलाव्याचं काम. तू चर पाडलीस, तिथून पाणी शिरतं. उन्हात ते सुकतं, आतले क्षार बाहेर येतात, फुगतात, आणि गिलावा पोपडे धरून सुटतो. चार-दोन पावसाळ्यांत तुझा बदामही गळून पडेल, भोवतालची हातभर जागा घेऊन. शिवाय एक नाव दिसलं की पुढच्याला धीर येतो. तुझ्या नावाशेजारी मी आणखी अकरा नावं मोजली. त्यांतलं सर्वांत जुनं कुठलं ते कळत नाही. कुणीतरी पहिला होताच.

आणि सिमेंट थापून हे भरत नाही. हुमायूनच्या मकबऱ्यावर आधीच्या काळात लोकांनी तेच केलं होतं. काही वर्षांपूर्वी तिथे मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा गच्चीवरून सुमारे दहा लाख किलो काँक्रीट काढावं लागलं. यंत्रं लावून उपयोग नव्हता, माणसांनी हाताने काढलं. मग चुना भिजवून मुरवला, त्यात विटांची भुकटी, गूळ, बेलफळाचा गर असं घालून जुन्या पद्धतीने गिलावा केला. गवंड्याचा हात त्या कामाला बसायला वर्षं लागतात. तुला किती वेळ लागला होता? दहा मिनिटं?

कायदा 1958 चा आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित वास्तूची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तुला तुरुंगात टाकावं असं माझ्या मनात नाही. मला वाटतं, तुला त्या गवंड्यांच्या हाताखाली महिनाभर चुना चाळायला बसवावं.

तिच्याबरोबर तू तिथे बसलास, याबद्दल माझी काही तक्रार नाही. शहरात दोन तरुण माणसांना निवांत बसायला जागा कुठे आहे? त्या कमानींतून तलाव दिसतो, संध्याकाळी पाण्यावर पक्षी उतरतात. तिथे प्रेम सुचलं तर त्यात नवल नाही. उलट ज्या जागेने तुम्हाला दोन तास आडोसा दिला, कुणी हटकलं नाही, सावली दिली, तिच्याच अंगावर तुला ओरखडा काढवला कसा, हे मला कळत नाही. तिने तुझा हात का धरला नाही, हेही मी स्वतःला विचारत राहिले.

आठवण राहावी म्हणून केलंस, असं म्हणशील. राहते आठवण. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 ला चित्रावरच आपलं नाव कोरलं. लेण्यात तेव्हा गाळ साचलेला होता, त्या ढिगावर तो उभा होता, म्हणून ते आज डोक्याच्या वर दिसतं. दोनशे वर्षं झाली. त्याच्या लढाया कुणाला माहीत नाहीत. चित्र खरवडणारा म्हणून मात्र आपण त्याला ओळखतो, आणि त्याचं नाव काढताना आपला आवाज बदलतो. तुझं नाव वाचणारेही यापुढे असंच वाचतील. तिचंही. तिला तू विचारलं होतंस का?

एक विनंती आहे. हे वाचून तुला वाईट वाटलं आणि पुन्हा तिथे गेलास, तर स्वतः घासायला, रंग लावायला जाऊ नकोस. आणखी बिघडेल. तिथल्या पहारेकऱ्याला जागा दाखव आणि हे मी केलं असं सांग.

दिल्लीहून परतल्यावर भाचीला शाळेत 'मी पाहिलेले शहर' हा निबंध होता. संध्याकाळी ती वही घेऊन आली. कुतुबमिनार होता, बेचाळीस चाकांचा गाडा होता, लाल किल्ला होता. तलावाकाठच्या सुलतानाचं नाव तिला आठवेना, तिथे तिने रेघ ओढून जागा मोकळी सोडली होती आणि ते मला विचारायला आली होती. तुझं नाव तिने विचारलं नाही. ते लिहून झालं होतं.