शास्त्रीबुवांची शाळा

टेक्सासात शाळा ऑगस्टच्या मध्यावर उघडतात. जुलै संपत आला की आमच्या शेजारच्या शास्त्रीबुवांची झोप उडते. शास्त्रीबुवा हे नाव आमच्या हिनं ठेवलेलं. गृहस्थ अस्सल टेक्सन, बॅप्टिस्ट, पिकअप ट्रकवाले. मांस भाजण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या गल्लीत कुणी नाही. पण कसलाही विषय निघो, अध्याय आणि वचन सांगितल्याशिवाय त्यांचं बोलणं पुरं होत नाही. आणि विषय बहुतेक वेळा एकच असतो: ख्रिस्ती माणसानं आपली पोरं सरकारी शाळेत घालावीत का?

कुंपणावर कोपर टेकून ते विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?" उत्तरासाठी थांबायची पद्धत नाही. मुलांना घरी शिकवायचं तर बायबलातलं 'अनुवाद', अध्याय सहा: देवाच्या आज्ञा पोरांच्या मनावर बिंबवणं हे आईबापांचं काम, सरकारचं नव्हे. शाळेत पाठवायचं तर मत्तय, अध्याय पाच: पोरांनी जगाचं मीठ व्हावं, प्रकाश व्हावं. सहा वर्षांचं पोर कसलं मीठ होणार, असं कुणी म्हणालं तर दानिएल हजरच. तो नाही का बाबेलच्या दरबारात परक्यांची विद्या शिकला? मग १९६२ येतं. त्या वर्षी सुप्रीम कोर्टानं सरकारी शाळांना प्रार्थना घ्यायला मनाई केली, पुढच्या वर्षी बायबलवाचनही गेलं. बुवा तेव्हा जन्मलेही नव्हते, पण सांगतात असं, की जणू यांनाच कुणी वर्गाबाहेर अंगठे धरून उभं केलं होतं. शेवटी सुस्कारा आणि ठरलेलं वाक्य, "प्रार्थना करतोय यावर."

प्रार्थनेचं फळ असं, की थोरला घरी शिकतो, मधली सरकारी शाळेत जाते आणि धाकट्याचं अजून ठरायचंय. मधलीच्या बाबतीत मत्तय जिंकला, असं बुवा सांगतात. खरं कारण ट्रोम्बोन. त्या शाळेचा मार्चिंग बँड नावाजलेला आहे, आणि घरातला रियाज बुवांच्या कुत्र्यालासुद्धा सोसत नव्हता.

घरच्या शाळेला टेक्सासात कटकट नाही. ती खासगी शाळाच धरायची, असं राज्याच्या वरिष्ठ कोर्टानं १९९४मध्ये मान्य केलं. नोंदणी नको, तपासनीस नको. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र मनापासून शिकवलं की झालं. बुवा या शाळेचे मुख्याध्यापक. म्हणजे सकाळची प्रार्थना घेऊन ते ऑफिसला जातात. मास्तर, शिपाई, घंटा आणि मधली सुट्टी या सगळ्या काकू. एकदा भांडं परत करायला गेलो, तर जेवणाच्या टेबलावर मैदा सांडलेला, यादवी युद्धाच्या नकाशावर लोण्याचा डाग, आणि थोरला पीठभरल्या बोटांत पेन्सिल धरून छताकडे बघत होता. बिस्किटं निम्मीच करायची होती. पावणेदोन कपांचं निम्मं किती? माझ्या आजोबांना पावक्या-निमक्या तोंडपाठ होत्या, त्यांनी चुटकीसरशी सांगितलं असतं. पोरानं बराच वेळ घेतला, पण सात-अष्टमांश बरोबर काढलं. काकूंनी मान डोलावली आणि ओव्हन लावला.

बुवांची खरी पंचाईत फुटबॉलनं केली. थोरला अंगापिंडानं दणकट, आणि टेक्सासात शुक्रवार संध्याकाळचा शाळेचा सामना म्हणजे गावजत्रा. फ्लोरिडाचा टिम टिबो घरी शिकून सरकारी शाळेच्या संघातून खेळला आणि पुढे कॉलेज फुटबॉलची २००७ची हाइझमन ट्रॉफी घेऊन आला, हे बुवांना वचनाइतकंच पाठ आहे. इथं २०२१मध्ये तसा कायदा झाला खरा, पण घरच्या मुलांना खेळू द्यायचं की नाही, हे ज्या त्या स्कूल डिस्ट्रिक्टवर सोडलं. तेव्हापासून ज्या शाळेला एरवी बाबेल म्हणायचं, तिलाच बुवा अत्यंत नम्र भाषेत अर्ज लिहीत असतात.

दर सप्टेंबरात एका बुधवारी मुलं शाळा भरण्याआधी झेंड्याच्या खांबाभोवती जमून प्रार्थना करतात. १९९०मध्ये टेक्सासातल्याच बर्लसनच्या मुलांनी पाडलेली ही प्रथा. त्या दिवशी बुवा थोरल्याला पहाटे उठवून, जिथून त्याला काढलं त्याच शाळेसमोर ट्रक लावतात, आणि रस्त्याच्या अलीकडूनच प्रार्थना करतात. सोबत डोनटचे खोके. प्रार्थना झाली की ते सगळ्यांना वाटतात, प्रार्थना न करणाऱ्यांनाही.

२०२५मध्ये वर्गावर्गात दहा आज्ञांचा तक्ता लावण्याचा कायदा झाला, पाठोपाठ कोर्टकचेऱ्याही. मला वाटलं, बुवा आता खूश. तर म्हणाले, "तक्त्यानं पोरं सुधारत असती, तर माझ्या फ्रिजवर कधीचा आहे तो."

असेच ठाण्याचे माझे मावसभाऊ, मराठी माध्यमावर तासभर बोलू शकतात. नातू इंग्रजी शाळेत, का, तर "जवळ पडते रे." त्यांना आणि बुवांना एकदा समोरासमोर बसवायची माझी फार इच्छा आहे. भाषेची अडचण येणार नाही, कारण ऐकायचं कुणालाच नसतं.

यंदा बुवा शाळेच्या बोर्डाच्या निवडणुकीला उभे राहतायत. परवा माझ्या हिरवळीत पाटी रोवायची परवानगी मागायला आले. मी म्हटलं, "पण धाकट्याचं काय ठरलं?"

"प्रार्थना करतोय यावर."

मागून काकू म्हणाल्या, "त्याचं नाव मी एप्रिलमध्येच घातलंय शाळेत. पाटी सरळ लाव."