कोरडा उतार पाहिजे

शहरात छप्पर मिळतं आणि उतारही मिळतो. दोन्ही एका जागी मिळत नाहीत. याने बहुतेकांचं काही अडत नाही, कारण दोन्ही एकत्र हवं असलेला प्राणी जगात फार विरळा आहे. तो म्हणजे स्लॅलम स्केटबोर्डवाला. प्लॅस्टिकचे वीतभर उंचीचे शंकू ओळीने मांडायचे, चार चाकांच्या फळीवर उभं राहून त्यांच्या डावी-उजवीकडून नागमोडी खाली यायचं, आणि हे सगळं शेजारच्या ओळीतल्या माणसापेक्षा सेकंदाच्या काही शतांशांनी आधी उरकायचं, हा त्याचा खेळ. शंकू पाडला तर बहुतेक स्पर्धांत 0.1 सेकंदाचा दंड. एकदा निघाल्यावर पाय जमिनीला लावायचा नाही. गुडघ्यांतून आणि कमरेतून झोके देत प्रत्येक वळणावर थोडा थोडा वेग कमवायचा. लांबून बघणाऱ्याला वाटतं, गृहस्थाच्या सदऱ्यात मुंगळा शिरलाय आणि त्याला थांबायला वेळ नाही. खेळ म्हणून यात कुणाच्या पोटात दुखण्यासारखं काही नाही. अडचण जागेची आहे, आणि माझं म्हणणं असं की ती अडचण शहराच्या बांधणीतच मुरलेली आहे.

मागणी तशी माफक वाटते. उतार शंभर फुटांत तीन-चार फुटांचा. त्याहून फार वाढला तर तो वेगळाच खेळ होतो, त्याला डाउनहिल म्हणतात आणि त्याचे खेळाडू कातडी पोशाख घालून येतात, यावरून काय ते समजावं. त्याहून फार कमी असला तर सुरुवातीला लाकडी रॅम्प ठेवावा लागतो. जमीन गुळगुळीत हवी, पण निसरडी नको. उताराच्या शेवटी मोकळी सपाट जागा हवी, कारण स्केटबोर्डला ब्रेक नसतो. आणि हे सगळं कोरडं हवं. या शेवटच्या अटीनेच घात होतो. पूर्वी या फळ्यांना मातीची, त्याआधी लोखंडाची चाकं असत. जमिनीवरचा एखादा खडा पुरे, की फळी जागीच थांबे आणि माणूस तेवढा पुढे जाई. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅस्वर्दी या अमेरिकन तरुणाने मुळात रोलर स्केटसाठी केलेली युरेथेनची चाकं फळीला लावली आणि खेळ पालटला, कारण युरेथेन जमीन धरून ठेवतं. स्लॅलम हा पूर्णपणे या पकडीवर चालणारा खेळ आहे: प्रत्येक वळणावर चाक बाजूला सरकू पाहतं आणि पकड त्याला अडवते. जमिनीवर पाण्याचा पातळ थर आला की पकड गेली. शिवाय बेअरिंग गंजतात आणि प्लायवूडची फळी फुगते, ते वेगळंच. पाऊस आला तर क्रिकेटवाल्यांना निदान पॅव्हेलियनमध्ये चहा मिळतो.

आता जागेकडे वळू. आपण छप्पर कशावर घालतो? जे जागच्या जागी राहावं असं वाटतं त्यावर. भाजीच्या टोपल्या, लग्नाची पंगत, गाडीची वाट पाहणारा प्रवासी, कोर्टातल्या फायली. यांतलं काहीही घरंगळलेलं चालत नाही, म्हणून छपराखालची जमीन सपाट. आणि उतार कुठे देतो? जिथून पाणी निघून जावं असं वाटतं तिथे: रस्त्याला, अंगणाला, गच्चीला. म्हणजे उतार द्यायचा पावसासाठी, आणि छप्पर घालायचं तेही पावसासाठीच. छप्पर घातल्यावर खाली पाणी येणार नसेल तर तिथे उतार काढत बसायला इंजिनिअरला वेड लागलेलं नाही. न्हाणीघर हा एक ठळक अपवाद. छप्पर आहे, उतारही आहे, पण शर्यत भरवण्याइतकी लांबी नाही. तेव्हा छपराखाली लांबलचक उतार सापडलाच, तर तो कुणीतरी भलत्याच कामासाठी केलेला असतो किंवा कुणाच्या तरी हातून राहून गेलेला असतो. आणि अशी उरलेली जागा ज्याला सापडते त्याच्याकडे ती सहसा फार दिवस राहत नाही.

पुरावा म्हणून ला कोस्टा घ्या. 1970 च्या दशकाच्या मध्यात कॅलिफोर्नियात, सॅन दिएगोच्या उत्तरेला कार्ल्सबाडमध्ये ही वसाहत उभी राहत होती. रस्ते आधी झाले. ताजं डांबर, मऊ उतार, सगळं तयार, फक्त बऱ्याच भागात घरं नव्हती. घरं नाहीत म्हणून गाड्या नाहीत, गाड्या नाहीत म्हणून स्लॅलमवाले जमले, आणि त्या रस्त्यांची छायाचित्रं स्केटबोर्डच्या मासिकांतून दूरवर गेली. मग घरं झाली. ज्यांच्यासाठी रस्ते बांधले होते ते लोक राहायला आले, एवढीच त्या जागेची शोकांतिका. तरी कॅलिफोर्नियात गाडी टाळली की भागत होतं, पावसाचा फारसा जाच नव्हता. लंडनला तसं भागत नाही. तिथे टेम्सच्या दक्षिण काठावर, म्हणजे साउथबँकला, 1967 साली क्वीन एलिझाबेथ हॉल उघडला. वर संगीत, आणि खाली खांब, काँक्रीटचे छोटे उतार आणि नेमकं काय करायचं हे न ठरलेला आडोसा. 1973 च्या सुमारास स्केटबोर्डवाल्यांनी ते परस्पर ठरवून टाकलं. पुढे 2013 साली हॉलच्या चालकांना तिथे दुकानं आणि रेस्टॉरंटं काढायची होती, त्यातून कलाकेंद्रासाठी पैसा उभा राहणार होता. त्या बदल्यात स्केटबोर्डवाल्यांना जवळच्याच हंगरफर्ड पुलाखाली नवी जागा करून देण्याचा प्रस्ताव आला. मंडळींनी तो नाकारला, हजारो लोकांनी लेखी हरकती नोंदवल्या, 2014 साली समझोता झाला आणि जुनी जागा राहिली. 2019 साली तर तिचा बंद पडलेला एक भागही दुरुस्त होऊन उघडला. पुनर्विकासाच्या बैठकांत मुरलेल्या मराठी वाचकाला यात एकच गोष्ट खटकेल: इतकी वर्षं ताबा असून कुणी कॉर्पस फंडाचा विषयसुद्धा काढला नाही.

अमेरिकेतल्या पोर्टलंडला याहून धीट प्रकार झाला. बर्नसाइड पुलाच्या पूर्वेकडच्या टोकाखाली 1990 साली स्केटबोर्डवाल्यांनी कुणालाही न विचारता काँक्रीट ओतायला सुरुवात केली, आणि पालिकेने त्याला मागाहून मान्यता दिली. आधी बांधायचं आणि मग नियमित करून घ्यायचं, ही रीत आपल्याला शिकवायला नको. मात्र आपल्याकडच्या कुठल्या वाढीव गॅलरीला गाजलेल्या व्हिडिओ गेममध्ये जागा मिळाल्याचं ऐकिवात नाही. बर्नसाइडला ती 1999 साली मिळाली. आता कुणी म्हणेल, मग प्रश्न सुटलाच की, प्रत्येक शहराने पुलाखाली असा एक स्केटपार्क बांधावा. हा आक्षेप स्लॅलमवाल्याला सगळ्यात जास्त झोंबतो. कारण स्केटपार्क म्हणजे खोलगट कुंडं, उंचवटे, पायऱ्या आणि कठडे, म्हणजे उड्या मारणाऱ्यांची सोय. साउथबँकचे उतारही त्याच्यासाठी आखूडच. शंकूंची लांब ओळ तिथे मावत नाही. त्याला हवा असतो एक सरळ, लांब, कंटाळवाणा उतार, ज्यात बघण्यासारखं काहीही नाही. कंटाळवाण्या गोष्टीला देणगीदार मिळत नाही, आणि तिची फीत नेमकी कुठे कापायची हाही प्रश्नच असतो.

म्हणून शोध फिरून फिरून बहुमजली वाहनतळाशी येऊन थांबतो. छपराखाली लांब उतार मुद्दाम काढलेला असतो अशी ही एकच सर्रास दिसणारी इमारत, कारण गाडीला जिना चढता येत नाही. पण इथेही पारख लागते. एक प्रकार असा, की मजले सपाट आणि त्यांना जोडणारे रॅम्प आखूड, खडे आणि वळणदार; तिथे शंकू मांडणं म्हणजे हाडांच्या डॉक्टरला आमंत्रण. दुसऱ्या प्रकारात आख्खा मजलाच पाच टक्क्यांच्या आसपास कललेला असतो, गाड्या उतारावरच लावतात आणि मधली वाट सरळ वर जाते. हा खरा माल. खांब बाजूला, मधे मोकळी पट्टी, आणि ओल्या काँक्रीटवर झाडू फिरवून केलेला खरखरीत पृष्ठभाग, जो चाकाला नेमका हवा तेवढा धरतो. काही व्यवस्थापनांना मात्र सौंदर्यदृष्टी असते आणि ती जमिनीवर चकचकीत रंग फासतात. तिथून मुकाट्याने परत फिरावं. मग ऑइल गळल्याचे डाग बघायचे, पाणी जाण्याच्या जाळ्या बघायच्या, दोन स्लॅबमधल्या सांध्याची पट्टी वर आली आहे का ते बोटाने चाचपायचं, गतिरोधक मोजायचे. शेवटी तळाशी जाऊन भिंत बघायची. उताराच्या टोकाला भिंत असली तर ती शर्यत प्रत्येकाला एकदाच लढवता येते. म्हणून शंकू वरच्या अर्ध्यात मांडायचे, खालचा अर्धा पाय घासत थांबण्यासाठी राखायचा आणि भिंतीला जुन्या गाद्या टेकवून ठेवायच्या. इतकं करून जागा पसंत पडली तरी ती रविवारीच रिकामी मिळणार. पण कचेऱ्यांच्या वाहनतळांची हीच तर मेख आहे: बांधकाम आठवडाभराचं, उपयोग सहा दिवसांचा. सातवा दिवस उधार द्यायला हरकत नसावी, असा माझा साधा युक्तिवाद आहे.

हरकती असतात. पहिली, पडलं-झडलं तर जबाबदार कोण? प्रश्न खोटा नाही. नॉर्वेने तर याच धास्तीने 1978 ते 1989 स्केटबोर्डची विक्री आणि वापर दोन्हींवर बंदी घातली होती. परिणामी तिथली मुलं रानात जाऊन लपूनछपून रॅम्प बांधू लागली, म्हणजे पडायची ती पडतच राहिली, फक्त दवाखान्यापासून लांब. हेल्मेट आणि सहीचा कागद घेऊन, दाराला साखळी लावून भरवलेली शर्यत त्यापेक्षा बरी. शिवाय ज्या जागेत सोमवार ते शनिवार माणसं फोन कानाला लावून गाडी रिव्हर्स घेतात, तिथे रविवारच्या रिकाम्या उतारावर अचानक सुरक्षेची कळकळ दाटून यावी हे जरा मौजेचं आहे. दुसरी हरकत जास्त खरी: या खेळाला माणसं किती? थोडी. फार थोडी. पण त्यांची मागणीही तेवढीच थोडी आहे. त्यांना स्टेडियम नको, पुतळा नको, नामकरण नको. शंकू गोळा करून पिशवीत टाकले की जागा होती तशी. सोमवारी आठ वाजता गाडी लावायला येणाऱ्याला आदल्या दिवशी इथे काही झालं होतं याचा पत्ताही लागत नाही. आपल्या शहरांतले किती उत्सव हे सांगू शकतील?

आपल्या शहरांचा विषय निघालाच आहे, तर मुंबई. (खड्ड्यांमुळे इथला प्रत्येक दुचाकीस्वार स्लॅलमपटूच असतो, हा विनोद वाचकाने माझ्याआधीच केला असेल, त्याचं श्रेय त्यानेच घ्यावं.) पोर्टलंडला आख्ख्या वर्षात साधारण 900 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याला ते लोक पावसाळी शहर म्हणतात. मुंबईत जवळजवळ तेवढा एकटा जुलै ओततो. छपराची गरज आपल्याला जास्त, आणि उड्डाणपूलही भरपूर. पण परदेशातला पुलाखालचा नियम इथे लागू होत नाही, कारण मुंबईत उरलेली जागा असा प्रकारच नाही. पुलाखाली कुणाचा तरी संसार असतो, आणि तिथे शंकू मांडण्याचा हक्क कुठल्याही खेळाला नाही. या बाबतीत मी स्लॅलमवाल्याची बाजू सोडतो. जिथे संसार नाही तिथे जप्त केलेल्या गाड्या असतात, नाहीतर बाग. माटुंग्याच्या तुळपुळे उड्डाणपुलाखाली 2016 साली नानालाल मेहता उद्यान झालं, त्यातली चालण्याची वाट नर्मदेच्या प्रवाहासारखी वळत जाते. पुलाच्या छपराखाली, कोरडं, नागमोडी; स्लॅलमचा मार्ग याहून वेगळा काय असतो? पण ती वाट चालणाऱ्यांची, आणि सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या मधून वळणं घेत निघणाऱ्याला दंड 0.1 सेकंदाचा पडणार नाही.

राहता राहिले वाहनतळच. मुंबईत बिल्डरांना जादा चटईक्षेत्र देऊन त्याबदल्यात सार्वजनिक वाहनतळ बांधून घेतले गेले, आणि लोक आजही गाडी रस्त्यावरच लावत असल्यामुळे त्यांतल्या कित्येकांचे मजले रिकामे पडून असतात. म्हणजे रविवारचीही वाट बघायला नको. जुलैच्या कुठल्याही दिवशी, बाहेर धो धो पाऊस आणि आत कोरडं काँक्रीट. पहारेकरी हरकत घेणार नाही असं नाही, पण त्याची खरी पंचाईत पावतीपाशी होईल. पायाने ढकलायची वस्तू म्हणून ती सायकलीत धरावी, तर सायकलीला दोनच चाकं. आणि नियमाप्रमाणे चाकं मोजायला बसला, तर ती भरतात चार. दर मोटारीचा लागणार, आणि मोटारीचा दर भरल्यावर फळी पट्ट्यांच्या आत लावण्याची सक्तीही आलीच.