डिपेंड्सभाऊ

दिवाणखान्यातल्या कार्पेटला लाटा आल्या की न्यू जर्सीतला मराठी माणूस पहिली दोन वर्षं त्यांच्यावर सोफा सरकवतो. आम्हीही सरकवला. तिसऱ्या वर्षी सांगलीहून आई आली, पहिल्याच संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन अडखळली आणि म्हणाली, "कृष्णेच्या पुरातून सुटून आले, तर तुझ्या घरातच लाटा!" गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई. फोन करणं भागच होतं.

"एका खोलीचं कार्पेट ताणून द्यायला किती घ्याल?"

"इट डिपेंड्स."

हे दोन शब्द मी आजवर तीन घरांत तीन कार्पेटवाल्यांकडून ऐकलेत. एक पोलंडचा, एक एक्वाडोरचा, एक इथलाच. उच्चार तीन, उत्तर एक, आणि व्हॅन प्रत्येकाची पांढरी. आमच्या घरात या अख्ख्या जमातीचं नाव डिपेंड्सभाऊ पडलंय.

डिपेंड्सभाऊ फोनवर आकडा सांगत नाही. वधूवर सूचक मंडळाच्या बाईंसारखा तो आधी माहिती काढतो. खोली रिकामी आहे का? पियानो? पूल टेबल? माशांची टाकी? जिना? कुत्रं, मांजर? आमच्याकडे पियानो नाही हे सांगताना मला उगीचच कमीपणा आला. "हार्मोनियम आहे," मी म्हणालो. पलीकडे थोडी शांतता. बहुधा त्याने तीही लिहून घेतली.

मग तो बघायला येतो. पहिलं काम म्हणजे कोपऱ्यात वाकून कार्पेटचं टोक चिमटीत धरून वर उचलणं आणि उसासा टाकणं. "हे कोणी बसवलं?" नवा न्हावी आपल्या डोक्यावरून हात फिरवत विचारतो ना, तोच सूर. आधीचा कारागीर कायम गाढवच असतो. पण इथे त्याचं म्हणणं खरं होतं. भिंतीलगत खिळ्यांची लाकडी पट्टी ठोकलेली असते, तिला टॅक स्ट्रिप म्हणतात. तिचे दात भिंतीकडे कललेले. त्यांत कार्पेट अडकवण्याआधी ते लांबी-रुंदी दोन्हीकडे एक ते दीड टक्का ताणायचं, असा या धंद्याचा नियम. बिल्डरच्या माणसाने गुडघ्याने चार धक्के मारून गाशा गुंडाळला होता. मग दमट उन्हाळे, सोफ्याची ओढाताण, आणि लाटा.

नंतर टेप निघाली. 12 बाय 15. आता या माणसाची खरी कला. क्षेत्रफळ तो यार्डात सांगतो आणि दर फुटात. "फक्त 20 यार्ड," असं ऐकलं की खोली पायपुसण्याएवढी वाटते. दर ऐकला की तोही चिल्लर वाटतो. एका चौरस यार्डात नऊ चौरस फूट असतात हे आपल्याला तो गेल्यावर, जेवताना आठवतं.

तरी फूट आणि यार्ड हा सगळा देखावाच. त्याची नजर जमिनीवर नव्हतीच. ती होती पुस्तकांच्या कपाटावर, कपड्यांच्या क्लॉझेटमध्ये दडवलेल्या तांदळाच्या 20 पौंडी पिशव्यांवर आणि कोपऱ्यातल्या सागवानी देव्हाऱ्यावर.

"हे काय?"

"देव."

"हलवायचे?"

"देवाला आम्ही हलवू," आई मराठीतून म्हणाली. मी भाषांतर केलं. त्याने गंभीरपणे वहीत टिपलं, "गॉड – ओनर विल मूव्ह." फर्निचरच्या रकमेतून पंधरा डॉलर कमी झाले. देवाने आजवर आम्हाला रोखीत दिलेली ही एवढीच मदत.

शेवटी आकडा आला. मिनिमम 175, सामान हलवायचे 75. "अडीचशे? एवढ्यात तिकडे माजघराला शहाबादी बसली असती," आई. "खोली एक असो की पाच," तो म्हणाला, "व्हॅन तितकीच लांब येते आणि तितकीच लांब जाते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कामाच्या दिवशी मात्र आई खुर्ची टाकून बसली. त्याने समोरच्या भिंतीला आडवी फळी लावली, तिला पॉवर स्ट्रेचरचं शेपूट टेकवलं, नळ्यांत नळ्या जोडत दात असलेलं डोकं या भिंतीपर्यंत आणलं आणि दांडा दाबला. कार्पेट कुरकुरत पुढे सरकलं. क्लॉझेटमध्ये हे धूड मावेना, तेव्हा त्याने नी किकर काढला. पुढे दात, मागे छोटी गादी. हातांवर भार घेऊन त्या गादीवर गुडघ्याच्या जरा वरच्या बाजूने धडक मारायची. धप्. धप्. प्रत्येक धपला आई स्वतःचा गुडघा धरत होती.

अमेरिकेच्या नियॉश या सरकारी संस्थेने 1990 मध्ये याच गुडघ्यांसाठी इशारा काढला होता. कार्पेट बसवणारे देशातल्या कामगारांत 0.06 टक्क्यांहूनही कमी, पण गुडघ्याच्या दुखापतींच्या भरपाईचे 6.2 टक्के दावे त्यांचे. मी हे आईला सांगितलं. ती उठली आणि आत जाऊन चहा टाकला. चहा दिला म्हणून घासाघीस सोडायची, असं मात्र तिच्या मनात नव्हतं. "त्याला विचार, जिन्यावरचा तो चौकोन यातच करेल का. कोथिंबीर समज म्हणावं."

मी विचारलं. कोथिंबिरीचं भाषांतर जमलं नाही. तो चहाच्या कपात बघत बराच वेळ थांबला. "इट डिपेंड्स," असं पुटपुटला, आणि वर जाऊन तो चौकोन ताणून आला.

एवढ्या खटाटोपातून हाती आली ती कापून काढलेली कार्पेटची पट्टी. रुंदी जेमतेम दोन इंच. तो ती कचऱ्यात टाकणार, तोच आईने काढून घेतली, नीट गुंडाळली, "थंडीत दाराखाली लावायला होईल."

बिल आलं. 250. त्याखाली आणखी एक ओळ, सुवाच्य अक्षरात: जिन्यावरचा चौकोन, 0 डॉलर.

आईने चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. "फुकट केलंय तर लिहिलं कशाला?" ती म्हणाली. "पुढच्या खेपेला वसूल करणार हा. कागद जपून ठेव."