बिऱ्हाड उतरवताना

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई-बाबांस,


मोटरहोमच्या सहलीहून आम्ही सगळे धडधाकट परत आलो. सासूबाईसुद्धा. आई, त्यांच्या गुडघ्यांची काळजी तू उगाच करत होतीस; व्हरमाँटमध्ये सगळ्यांत जास्त त्याच चालल्या. पण घरी पोचलो म्हणजे सुटलो, असं मोटरहोमचं नसतं. निस्तरायचं सगळं पुढेच असतं.

आधी जावयाचं सांगते, तुला त्याचं फार कौतुक! शेवटच्या कॅम्पग्राउंडवर टाक्या उपसायला ही रांग. आधी संडासाची टाकी सोडायची, मग मोरीच्या पाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुऊन निघते. एरवी घरातला कचरा न्यायला दहा वेळा सांगावं लागणारा तुझा जावई कोपरापर्यंत हातमोजे चढवून, नळी धरून, मान वळवून उभा. खिडकीतून सासूबाई, "अरे, तिकडे काय बघतोस? सांडेल!" मागच्या गाडीतले अमेरिकन आजोबा अंगठा उंचावून शाबासकी देत होते. त्यानंतर स्वारी जी अंघोळीला गेली, ती बाहेरच येईना.

बाबांनी पानांचं विचारलं होतं. हिरवा रंग ओसरला की पानातला मूळचा पिवळा दिसू लागतो. मेपलचा लाल मात्र झाड शरदात नव्याने बनवतं. न्यू हॅम्पशरचा कँकामॅगस हायवे त्यासाठीच प्रसिद्ध. 34.5 मैल नुसता रंग, आणि वाटेत एकही पेट्रोलपंप नाही. आमची गाडी लिटरला जेमतेम 4 किलोमीटर देते. मुलं पानं बघत होती, आम्ही काटा.

मेनमध्ये कॅडिलॅक पर्वताच्या रस्त्यावर मोटरहोमला बंदी, म्हणून तो खालूनच पाहिला. उंची 1,530 फूट. ही सिंहगडाच्या निम्मीसुद्धा नाही, हे सासूबाईंनी नातवाकरवी तिथल्या रेंजरला कळवलं.

दसरा व्हरमाँटमध्ये झाला. आपटा कुठला मिळायला! सासूबाईंनी मेपलची पिवळी पानं वेचली आणि शेजारच्या प्रत्येक गाडीचं दार वाजवून सोनं वाटलं. लोक भांबावले, पण सकाळी एका जोडप्याने मेपल सिरपची बाटली आणून दिली. भाव चांगला आला म्हणायचा. ते सिरप थालीपिठावर बरं लागतं, पण हे इथे कबूल करायचं नाही असं आमच्यात ठरलंय.

परवा गाडी थंडीसाठी बंद केली. पाइपात पाणी राहिलं तर ते गोठून पाइप फुटतात, म्हणून सगळं काढून त्यात न गोठणारं गुलाबी औषध भरतात. नळाला गुलाबी धार लागेपर्यंत थांबायचं. सासूबाई हात धुवायला गेल्या आणि ओरडल्या, "दिवाळीच्या आधीच रंगपंचमी?"

आता उंदरांची धास्ती. हिवाळ्यात ते अशा गाड्यांत घुसतात, म्हणून दाणासुद्धा आत ठेवायचा नाही. बाकांखालून काय काय निघालं! मेतकूट, शेवया, आणि पंचात गुंडाळलेलं खलबत्त्याचं धूड, जे प्रत्येक वळणावर खणखणायचं आणि "हा कसला आवाज?" म्हणून आम्ही मेकॅनिकला गाडी दाखवून आलो होतो. फक्त हिंगाची डबी सापडत नाहीये. गाडी उद्या यार्डात जाईल ती थेट वसंतातच उघडायची, आणि डबी आत राहिली तर दार उघडायला मी जाणार नाही.

चकलीची भाजणी लवकर पाठव.

तुझी,
ताई