वेताळाचा वार्षिक ताळेबंद

डिसेंबर संपत आला, की सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीत एक वेताळभक्त हिशेबाला बसतो, असं समजा. 'इंद्रजाल कॉमिक्स'चे यंदाचे नवे अंक : शून्य. गेल्या वर्षीही शून्य. 1990 पासून इतकं सातत्य दुसऱ्या कुणी राखलंय?

त्याआधी, मार्च 1964 पासून, टाइम्स समूहाने आठशेवर अंक काढले. मराठीतही. ली फॉकचा 1936 चा 'फँटम' इथे वेताळ झाला. गावोगावी वेशीवर शेंदूर फासून बसलेल्या वेताळाला पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालणारा नामबंधू मिळाला. संपादकही मोठे जपून वागणारे. बंगालशी घोटाळा नको म्हणून वेताळाच्या 'बंगाला' देशाचं 'डेंकाली' केलं, 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले, वेताळाच्या बापाचा खुनी 'रामा' होता, तो 'रामालू' झाला. भावना दुखण्याचा धंदा तेजीत येण्याआधीची ही गोष्ट!

परदेशी दुकानं भक्ताला पसंत नाहीत. डीसी कॉमिक्सने सुपरमॅनला 1992 मध्ये मारलं, वर्षभरात उठवलं. 2011 मध्ये तर 52 मालिका पुन्हा पहिल्या अंकापासून मोजायला घेतल्या. वेताळाकडे असली लबाडी नाही. बाप गेला की मुलगा कवटीवर शपथ घेऊन गादीवर. सध्याचा एकविसावा. ना निवडणूक, ना आरक्षणाची सोडत. आपले नेते अजून तिसऱ्या-चौथ्या पिढीतच अडकलेत.

उरला 'इंद्रजाल'मधलाच आबिद सुरतींचा 'बहादूर', 1976 चा. डाकूचा पोरगा, पण डाकूंविरुद्ध उभा. केशरी कुर्ता नि जीन्स. आजही कुठल्याही नाक्यावरच्या फ्लेक्सवर चालून जाईल. नावाआधी 'भावी' एवढं लिहिलं, की झालं.